धुळ्यापर्यंत, तिच्याच इंजिनावर

नाना,

तेरा दिवस लोक येत होते. सतरंजीवर बसायचे, एकदा आईकडे बघायचे आणि म्हणायचे, "नाना फार शांत माणूस होता." मी मान हलवायचे. रोहिणी माझ्याकडे बघायची आणि आम्ही दोघी बहिणी पटकन खाली बघायचो, कारण हसायची ती वेळ नव्हती. तुम्ही शांत कधी होतात, नाना? जळगावच्या पिंप्राळ्यात बांधकामाच्या तिसऱ्या मजल्यावरून तुम्ही मुकादमाला हाक मारली की खाली रस्त्यावरची रिक्षा थांबायची. घरात तुम्ही आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलायचात, पण राग आला किंवा फार आनंद झाला की गावाकडचं नशिराबाद बाहेर पडायचं. "मले शिकवू नको" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा दुसरं कुठलंच ऐकलं नसेल.

आलेल्यांपैकी निम्मे तुम्हाला नाना ठेकेदार म्हणत होते आणि निम्मे नाना मिस्तरी. तुम्हाला दुसरंच आवडायचं. सोळाव्या वर्षी नशिराबादहून जळगावला घमेली उचलायला आलात, मग थापी हातात आली, मग माणसं हाताखाली आली, पण भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा लावायची वेळ आली की दुसऱ्याच्या हातात दोरी द्यायचा नाहीत. आपलं स्वतःचं घर मात्र सगळ्यात शेवटी. मी आठवीत जाईपर्यंत आपल्या पुढच्या चौकटीला दारच नव्हतं, पत्रा होता. आणि नेमक्या त्या वर्षी तुम्ही धुळ्याहून ती गाडी आणलीत.

तुम्ही तिकडे कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या गोदामाची भिंत बांधायला गेला होतात. जिनिंग बंद पडलेलं, आवारात कडुलिंबाच्या झाडाखाली फिकट हिरवी अँबॅसिडर उभी. टायर बसलेले, टपावर लिंबोळ्यांचा थर, आत मांजरीची पिल्लं. जिनिंगचे मालक शेठजी म्हणाले, पुढच्या आठवड्यात भंगारात जाणार. तुम्ही म्हणालात, "भंगारात नको, मला द्या." शेठजी कापसाचे व्यापारी, शब्द जपून वापरणारे. त्यांनी गाडी दिली आणि एकच अट घातली, "चालू झाली की एकदा दाखवायला आण."

ट्रकवरून ती पिंप्राळ्यात उतरली तेव्हा आख्खी कॉलनी जमली होती. आई ओट्यावर उभी होती. ती म्हणाली, "घराला दार नाही आणि तुम्ही दारं असलेली खोली घेऊन आलात." पुढच्या रविवारी तुम्ही घराला दार लावलंत. पण आईचा राग त्यानं गेला नाही. ही सवत आहे, हिच्यात मी पाय ठेवणार नाही, असं तिनं सांगितलं आणि सतरा वर्षं ते पाळलं.

हे वेड कशाचं, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. तुम्ही दहा वर्षांचे असताना तुमच्या आईला ताप चढून ती बोलेनाशी झाली होती. तुम्ही हायवेवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होतात. कुणी एक डॉक्टर थांबला, त्यानं आजीला मागच्या सीटवर झोपवलं आणि तुम्हाला पुढे बसवलं. ती अँबॅसिडर होती. आजी वाचली. तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी मी रडत होतो, पण वेगाच्या काट्याकडेही बघत होतो." आठ दिवसांपूर्वी हे मी आईला सांगितलं. तिला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी तिला सवत म्हटलं नसतं."

आपले रविवार भुसावळला जायचे. तिथे रफिकचाचा होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, घरामागे लेथचं यंत्र टाकलेलं. तुमच्या स्कूटरवर मागे मी, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत गाडीचा कुठला तरी तेलकट अवयव. बाजारात न मिळणारा भाग चाचा घडवून द्यायचे. एकेका भागाला दोन-दोन महिने लागायचे. इतर मुली रविवारी काय करायच्या ते मला माहीत नव्हतं, मी नट-बोल्टचे पाने ओळखायला शिकत होते. तुम्ही दोघंही मला तिथे लहान समजत नव्हतात. चाचा मला विचारायचे, "बेटा, हे घासू की राहू दे?" आणि मी विचार करून उत्तर द्यायचे.

बारावीला माझा अभ्यास त्या गाडीतच झाला. घरात पाहुणे, बाहेर कामगारांची ये-जा. गाडी तेव्हा विटांवर उभी होती. तुम्ही वायर ओढून आत दिवा लावलात, छोटा पंखा बसवलात आणि अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून दाखवू लागलात. तिसऱ्या मजल्यावरून ओरडणारा माणूस वर्षभर आपल्याच अंगणात चप्पल हातात घेऊन चालला. मला इंजिनिअरिंगला जळगावातच प्रवेश मिळाला, तेव्हा तुम्ही पेढे आधी चाचांना नेऊन दिलेत.

आता ती कॉलमची गोष्ट. तेराव्यालाही कुणी काढली नाही ती. मी काढते, कारण तुम्हाला ओळखायचं तर तीच पुरेशी आहे.

मी पदवी घेऊन तुमच्या साइटवर येऊ लागले त्याला सहा महिने झाले होते. तुम्हाला मी यायला नको होते, सरकारी नोकरीची परीक्षा द्यायला हवी होती. एका निवृत्त मास्तरांचं घर चाललेलं. नव्या कॉलमांच्या फळ्या निघाल्या आणि मी सवयीनं हातोडीनं ठोकत गेले. तीन कॉलमांचा खालचा आवाज बद्द आला. मी वीस माणसांसमोर म्हणाले, "नाना, हे तीन पोकळ आहेत."

"वरून गिलावा येईल," मुकादम प्रल्हाददादा म्हणाले.

"गिलाव्यानं ताकद येत नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तू घरी जाय."

मी गेले. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. मी रडले, रागानं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम उशिरा साइटवर पोचले, तर कामगार सगळे कोंडाळं करून उभे होते आणि तुम्ही एकटे घण घेऊन पहिला कॉलम फोडत होतात. अंगावर सगळी धूळ. कुणाला हात लावू देत नव्हतात. मला बघून थांबलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हे म्हणते ते बरोबर हाये. चुकलं माझं. त्या दिवशी ओतकाम चालू असताना मी निघून गेलो."

कुठे गेला होतात ते मला तेव्हा कळलं. रोहिणीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं, तिचं भाषण होतं, आणि तुम्ही तिला येतो म्हणून सांगितलं होतं. माल नीट दाबला जातोय की नाही हे बघायला तुम्ही नव्हतात. तुम्ही बाप म्हणून गेलात आणि मिस्तरी म्हणून चुकलात, आणि दोन्ही गोष्टी तुम्ही लपवल्या नाहीत. त्याच दुपारी मास्तरांच्या घरी जाऊन म्हणालात, घर महिनाभर उशिरा होईल, कारण माझं काम वाईट झालं. मास्तर तेराव्याला आले होते, नाना. तुमच्या फोटोसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "मी त्या घरात निवांत झोपतो." एवढंच बोलले.

त्या दिवसापासून तुम्ही मला साइटवर नको म्हणाला नाहीत. पण आपलं भांडण संपलं नाही, ते गाडीवर गेलं.

इंजिन उघडलं तेव्हा आतून पार झिजलेलं निघालं. मी म्हणाले, सगळे करतात तसं करू, डिझेल इंजिन बसवू, महिन्याभरात गाडी रस्त्यावर येईल. तुम्ही म्हणालात, "मंग ते गाडी तेच राहीन का?" मी म्हणाले, निदान चालेल तरी. तुम्ही म्हणालात, चालायला तर स्कूटरही चालते. मी चिडून म्हणाले की हा हट्ट आहे, इंजिनिअरिंग नाही, हे इंजिन धुळे सोडा, एरंडोलसुद्धा गाठणार नाही. दोन महिने आपण एकमेकांशी सळई, वाळू, सिमेंट यापलीकडे बोललो नाही. तुम्ही एकटेच भुसावळला जात राहिलात. ते इंजिन तुम्ही आणि चाचांनी मिळून पुन्हा उभं केलंत, त्याला पाच वर्षं लागली. गेल्या दिवाळीला ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा चाचा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, आणि तुम्ही घरात जाऊन तोंड धुऊन आलात. डोळे लाल होते.

तोवर तुमचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जिने बंद केले, साइट बंद केली. तुम्ही जिने बंद केलेत, साइट नाही. खाली खुर्ची टाकून बसायचात आणि वरच्या मजल्यावरचं काम कानानं तपासायचात. संक्रांतीला रोहिणी नाशिकहून आली आणि तुम्ही जेवताना म्हणालात, "शेठजींना गाडी दाखवायची राहिलीय. ते नव्वदीचे झालेत. ते आधी की मी आधी, सांगता येत नाही."

डॉक्टरांनी साफ नकार दिला. मीही दिला. रोहिणीनं दिला. मग आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पुसत. "जाऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "मी पण येते."

सतरा वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी सातला निघालो. मागे आई आणि रोहिणी, मध्ये भरीत-पुरीचा डबा. पुढे तुम्ही चाकावर, शेजारी मी, पायाशी पान्यांची पेटी. आईनं आत बसण्याआधी कुंकवाचं बोट गाडीला लावलं. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, पण मिशीत हसलात, मी पाहिलं. मोठमोठ्या नव्या गाड्या आपल्याला मागे टाकायच्या आणि मग वेग कमी करून आपल्याबरोबर चालायच्या, आतून कुणी तरी हात करायचं. तुम्ही प्रत्येकाला उलट हात करत होतात. मिरवणुकीतल्या माणसासारखे दिसत होतात.

पारोळ्याच्या अलीकडे तापमानाचा काटा चढला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. गाडी कडेला घेतलीत आणि मी दार उघडता उघडता म्हणाले, "मी सांगितलं होतं." त्या क्षणी तुमचा चेहरा राखाडी झाला होता, आणि मला कळेना की आधी गाडी बघू की तुम्हाला. आईनं गोळी तुमच्या हातात दिली. तुम्ही ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलात.

"तिले दम लागला," तुम्ही म्हणालात. "मलेबी लागते. दहा मिनिटं थांबू."

बाजूच्या कपाशीच्या शेतातून एक म्हातारे शेतकरी बादलीभर पाणी घेऊन आले, कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन निवेपर्यंत मी रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. पंख्याचा पट्टा सैल झाला होता. अर्ध्या इंचाचा पाना काढला, पट्टा ताणला, आवळला, पाणी भरलं. तुम्ही पाच हातांवर बसून सगळं बघत होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. इकडचा बोल्ट, तिकडचा बोल्ट, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला काम करताना शिकवलं नाहीत. मी चावी फिरवली आणि ती सुरू झाली. म्हातारेबाबा म्हणाले, "शंभर वर्सं चालशीन व माय," आणि गाडीला म्हणाले की मला, ते कळलं नाही. आपण सगळे हसलो. तुमच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता.

धुळ्यात शेठजींच्या वाटेला लागलो तेव्हा फाटकापाशी एक माणूस धावत बाहेर आला. दगाजीभाऊ, त्यांचे जुने ड्रायव्हर. त्यांना आपण येणार हे सांगितलेलं नव्हतं. गाडी बघायच्या आधीच ते येत होते.

"शेठजी, आपली गाडी शे," ते मागे वळून ओरडत होते. "आवाज तोच शे. बठ्ठं तसंच शे."

शेठजी काठी टेकत ओट्यावरून उतरले. तुम्ही त्यांच्या पाया पडायला वाकलात, त्यांनी तुम्हाला बाजूला केलं आणि गाडीभोवती फिरू लागले. एक फेरी, दुसरी फेरी. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"मिस्तरी," ते म्हणाले, "डाव्या दाराचा आवाज असा नव्हता."

"बिजागरी नवीन आहे, शेठजी."

"मग बरोबर. बाकी तीच आहे." आणि मागचं दार उघडून ते आईशेजारी जाऊन बसले. "चल. पाचकंदीलच्या बाजारापर्यंत."

मग ती फेरी झाली. तुम्ही चाकावर, दगाजीभाऊ तुमच्या शेजारी, मागे शेठजी आणि आई. मी आणि रोहिणी मागून रिक्षात. बाजारातली जुनी माणसं दुकानांतून बाहेर येत होती. कुणी शेठजींना हात जोडत होतं, कुणी गाडीला. एका चौकात वाहतूक पोलिसानं दुसऱ्या सगळ्यांना थांबवून तुम्हाला वाट दिली. रोहिणी रिक्षात रडत होती आणि रिक्षावाला तिला विचारत होता की ताई, कोण आहेत ते. ती म्हणाली, "आमचे वडील आहेत. ते गाडी चालवताहेत ते."

परतताना तुम्ही चावी माझ्या हातात दिलीत. एरंडोल आलं. मग विचारलंत, "पारोळ्याजवळ भीती वाटली का?"

"हो."

"मलाही," तुम्ही म्हणालात. "गाडीची नाही."

तेव्हा बोलायला हवं होतं, नाना. दगाजीभाऊ आवाजावरून बाहेर धावत आले होते. डिझेल इंजिन बसवलं असतं, तर ते आतच बसून राहिले असते. हे मला फाटकापाशीच कळलं होतं, आणि नव्वद किलोमीटर तुमच्या शेजारी बसून मी ते बोलले नाही. तुम्ही वीस माणसांसमोर घण खाली ठेवून म्हणालात की चुकलं. मला एका माणसासमोर जमलं नाही. मला वाटलं, सांगू कधी तरी. इंजिनाच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. मी चुकले.

होळी झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिऊन, पेपर मांडीवर असताना तुम्ही गेलात. आई म्हणते, कप रिकामा होता. तिला त्याचं बरं वाटतं. काका म्हणाले, मुलगा नाही, अग्नी कोण देणार. आई म्हणाली, "दोघी देतील." आम्ही दोघींनी दिला. कामावरची माणसं तशीच आली होती, हाताला सिमेंट, डोक्याला रुमाल. आधी त्यांनी खांदा दिला, मग नातेवाइकांनी.

तुमच्यामागे एक स्लॅब अर्धा राहिला होता. फळ्या बांधून तयार, सळई बांधलेली. घरमालक म्हणाले, ताई, सावकाश घ्या. प्रल्हाददादा रोज येऊन ओट्यावर बसायचे, काही न विचारता जायचे. पंधराव्या दिवशी मीच त्यांना म्हटलं, उद्या घेऊ. सकाळी सहाला मिक्सर लागला. रोहिणीनं नाशिकला जाणं एक दिवस पुढे ढकललं. आई दुपारी सगळ्यांसाठी शेवभाजी आणि भाकरी घेऊन आली आणि मालाची शेवटची पाटी वर जाईपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसली. मी वरच होते. ओतकाम संपेपर्यंत तिथून हलले नाही. पाच वाजता प्रल्हाददादांनी रुमाल सोडून तोंड पुसलं आणि खाली बघून हाक मारली, "वहिनी, झाला." आई उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. सगळी माणसं वाजवू लागली.

स्लॅबचा आज सातवा दिवस. वर पाणी भरून ठेवलंय. आत्ता जाऊन बघून आले, नाना. कुठेही भेग नाही.

तुमची,
वैशाली